पोट शिवले, मग कातडी उघडी का ठेवली?

आंत्रपुच्छ फुटले, विषमज्वराने आतड्याला छिद्र पडले किंवा जठराजवळचा व्रण फुटला, की रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. पोट उघडायचे, छिद्र बंद करायचे, आत पसरलेला पू आणि अन्नरस धुऊन काढायचा आणि पोट पुन्हा बंद करायचे, हा क्रम आपल्यापैकी बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक असतो. या क्रमाच्या अगदी शेवटच्या पायरीवर एक साधा दिसणारा प्रश्न उभा असतो : त्वचेला टाके आत्ताच घालायचे, की चार-पाच दिवस थांबून? शल्यचिकित्सेत या प्रश्नावर शंभरहून अधिक वर्षे विचार चालू आहे आणि अजूनही त्याचे एकच एक उत्तर मिळालेले नाही.

मी डॉक्टर नाही. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून संशोधन करते. हा प्रश्न माझ्यापर्यंत आला तो नात्यातून. काही वर्षांपूर्वी, बेंगळुरूमध्ये प्रबंधाचे शेवटचे वर्ष चालू असताना, इंदूरला राहणाऱ्या माझ्या मामांवर अशी तातडीची शस्त्रक्रिया झाली. गुडघेदुखीसाठी ते बरीच वर्षे वेदनाशामक गोळ्या घेत असत. अशा गोळ्यांमुळे जठरात किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात व्रण होऊ शकतो. तसा व्रण झाला आणि तो फुटला. पोटात कळा सुरू झाल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंत सुमारे तीस तास लोटले होते. दुसऱ्या दिवशी मी पोहोचले, तेव्हा मामा शुद्धीवर होते. मामीने मला बाजूला घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाली, “अगं, पोट शिवलंच नाहीये म्हणे त्यांनी. वरून नुसती पट्टी ठेवलीय. असं कधी ऐकलंयस का तू?”

नातेवाइकांपैकी दोघा-तिघांनी रुग्णालय बदलण्याचा सल्ला दिला होता. रुग्णवाहिकेची चौकशीही करून झाली होती. अशा शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला हलवणे धोक्याचे असते. पण जखम उघडी टाकणे म्हणजे निष्काळजीपणा, हा समज इतका घट्ट होता की त्यापुढे तो धोका कोणाला दिसत नव्हता. संध्याकाळच्या फेरीला आलेल्या सर्जन बाईंना मी विचारले. त्यांनी केसपेपरच्या मागे दोन आडव्या रेषा काढल्या आणि म्हणाल्या, “पोट पूर्ण बंद केलेलं आहे. ही खालची रेघ शिवलेली आहे. वरची मुद्दाम ठेवली आहे. पाचव्या दिवशी बघून शिवू.”

त्या दोन रेषांचा अर्थ समजून घेणे हाच या लेखाचा विषय आहे.

पोटाची भिंत अनेक थरांची असते. स्नायूंवर एक चिवट, पांढरट आवरण असते. त्याला फॅशिया म्हणतात. खोकताना, उठताना, शौचाला जोर करताना पोटात निर्माण होणारा दाब मुख्यतः हा थर पेलतो. तो लगेच आणि नीट शिवावाच लागतो. १९७६ साली जेंकिन्स या ब्रिटिश सर्जनने यासाठी केवळ भूमितीच्या आधारे एक हिशेब मांडला. पोट फुगले की जखमेची लांबी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. म्हणून वापरलेल्या धाग्याची लांबी जखमेच्या लांबीच्या निदान चौपट असावी, नाहीतर ताणलेला धागा ऊतीला कापत जाईल. हा नियम आजही सर्जन शिकतात. फॅशियाच्या वर मेदाचा थर आणि त्याच्यावर त्वचा. पोटाचा भार या दोन थरांवर नसतो. त्यामुळे ते काही दिवस उघडे राहिले, तरी आतडी बाहेर येण्याचे भय नसते. मामीच्या मनातले ‘उघडे पोट’ आणि सर्जनच्या मनातली ‘उघडी त्वचा’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी होत्या.

मग त्वचा उघडी ठेवून मिळवायचे काय? येथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचे काहीतरी दिसू लागते : दोन प्रक्रियांची वेळेसाठी चाललेली स्पर्धा.

पहिली प्रक्रिया जंतूंच्या वाढीची. उत्तम पोषण मिळाले तर आतड्यातला ई. कोलाय हा जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्या वेगाने एका जंतूचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक जंतू होतील. शरीरात हा वेग पुष्कळच कमी असतो, पण वाढीचे स्वरूप तेच राहते. ऊतीच्या एका ग्रॅममागे सुमारे एक लाख जंतू ही संख्या ओलांडली, की बंद जखमेत पू होण्याचा संभव बराच वाढतो, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. आणि टाक्याचा धागा हा स्वतः जंतूंचा मित्र असतो. १९५७ साली एलेक आणि कॉनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की स्टॅफिलोकॉकस जंतूंमुळे पू होण्यासाठी एरवी काही दशलक्ष जंतू लागतात. तेथे रेशमाचा एक टाका असेल तर काहीशे जंतूही पुरतात.

दुसरी प्रक्रिया शरीराच्या संरक्षणाची. श्वेतपेशी जंतूंना मारण्यासाठी जी रसायने बनवतात, त्यांना प्राणवायू लागतो. तो केशवाहिन्यांतून बाहेर पडून ऊतीत विसरणाने पसरतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दशांश मिलिमीटर अंतर प्राणवायू दोन-तीन सेकंदांत ओलांडतो. अंतर शंभरपट करून एक सेंटिमीटर केले, तर वेळ दहा हजारपट होतो, म्हणजे सुमारे सात तास. वाटेतल्या पेशी तो संपवूनही टाकतात. मेदाच्या थरात रक्तपुरवठा मुळात विरळ असतो. अशा थरावर त्वचा घट्ट शिवली आणि खाली एखादी पोकळी राहून तिच्यात रक्तमिश्रित द्रव साचला, तर त्या द्रवाच्या मध्यभागी जंतूंना अन्न मिळते आणि श्वेतपेशींना प्राणवायू मिळत नाही.

जखम उघडी ठेवली, तर हा द्रव साचत नाही, पट्टीत शोषला जातो. रोज धुताना मृत ऊती निघून जाते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास जखमेच्या तळाशी नव्या केशवाहिन्या वाढू लागतात आणि तेथे लालसर, दाणेदार ऊती दिसू लागते. आता रक्तपुरवठा जवळ आलेला असतो आणि जंतू कमी झालेले असतात. या टप्प्यावर टाके घातले, तर ते टिकण्याची शक्यता वाढते, असा हा युक्तिवाद आहे. याला ‘डिलेड प्रायमरी क्लोजर’ म्हणतात; आपण ‘उशिराचे टाके’ म्हणू. त्याहून फार थांबले, तर कडा ताठर होतात, जखम आपोआप आकसू लागते आणि भरायला कित्येक आठवडे घेते.

ही कल्पना रणांगणावर रुजली. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियममधल्या खतावलेल्या शेतांतली माती सैनिकांच्या जखमांत जाई. अशा जखमा लगेच शिवल्या, तर आत वायुकोथ होऊन सैनिक दगावत. बेल्जियन सर्जन आंत्वान दपाज यांच्यासारख्यांनी मृत ऊती कापून काढणे, जखम उघडी ठेवणे आणि जंतू कमी झाल्याची खात्री पटल्यावर शिवणे ही रीत वापरात आणली. फ्रान्समधील काँपियेन्य येथे ॲलेक्सिस कॅरल आणि रसायनशास्त्रज्ञ हेन्री डेकिन हे सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाने जखमा धूत. ते जखमेतला नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजत आणि त्या आकड्यावरून शिवण्याचा दिवस ठरवत. त्यांच्याबरोबर पिएर लकोंत द नुई नावाचा तरुण संशोधक होता. तो जखमेची बाह्यरेषा पारदर्शक कागदावर उतरवून तिचे क्षेत्रफळ मोजे. १९१६ साली त्याने जखम भरण्याच्या वेगाचे गणिती सूत्र प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष जखम सूत्राच्या वक्ररेषेमागे पडली, की संसर्गाचा संशय घ्यायचा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही दूषित किंवा आत शल्य राहिलेली जखम आधी शुद्ध करावी आणि मगच शिवावी, असे सांगितलेले आहे. ‘आधी स्वच्छ, मग बंद’ हे तत्त्व जुने आहे. ‘केव्हा’ हा त्यातला कठीण भाग.

युक्तिवाद पटण्याजोगा असला, तरी तो खरा ठरतोच असे नाही. वैद्यकात याची परीक्षा यादृच्छिक चाचणीने होते : कोणत्या रुग्णाचे टाके लगेच घालायचे आणि कोणाचे उशिरा, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे आणि पुढे संसर्ग मोजायचा. या चाचण्यांचा इतिहास वाचताना मला मोठे कुतूहल वाटले. २०१२ साली तैवानमध्ये फुटलेल्या आंत्रपुच्छाच्या शंभराहून कमी रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत लगेच शिवलेल्या जखमांपैकी जवळपास ३९ टक्के जखमांत संसर्ग झाला, उशिरा शिवलेल्यांत सुमारे ३ टक्के. एवढ्यावरून प्रश्न सुटला असे कोणीही म्हणेल. २०१८ साली थायलंडमधील सुमारे सहाशे रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांत लगेच शिवलेल्यांत ७.३ टक्के आणि उशिरा शिवलेल्यांत १० टक्के संसर्ग होता. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण नव्हता. खर्च मात्र उशिराच्या टाक्यांत अधिक होता.

या दोहोंच्या मध्ये, २०१३ साली, अनील भंगू आणि सहकाऱ्यांनी तोपर्यंतच्या आठ चाचण्या आणि ६२३ रुग्ण एकत्र करून विश्लेषण केले. सर्व चाचण्या एकच खरी संख्या मोजत आहेत असे गृहीत धरले, तर उशिराचे टाके सरस ठरत होते. प्रत्येक चाचणीतली परिस्थिती थोडी वेगळी असल्याने खरी संख्याही थोडी वेगळी असू शकते असे गृहीत धरले, की ती सरशी अनिश्चिततेत विरून जात होती. माहिती तीच, गृहीतक बदलले, निष्कर्ष बदलला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण जपून ठेवावे. ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे वाक्य कुठे वाचले, की ते कोणत्या गृहीतकावर उभे आहे, हे विचारायची सवय त्यातून लागते.

मामांचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. मामीला मी सर्जन बाईंच्या दोन रेषा पुन्हा काढून दाखवल्या. रुग्णालय बदलण्याचा बेत मागे पडला. पाचव्या दिवशी वॉर्डातच, जागा बधिर करून, टाके घातले. दहा-बारा दिवसांनी जखमेच्या खालच्या टोकाचे दोन टाके सैल झाले, थोडा द्रव आला, आणखी काही दिवस पट्टी करावी लागली आणि जखम भरली. उशिराच्या टाक्यांचा पुरस्कर्ता म्हणेल, लगेच शिवले असते तर सगळी जखम पिकली असती. विरोधक म्हणेल, पाच दिवस वेदना सोसून शेवटी पाणी आलेच. दोघांचेही खोडून काढता येत नाही, कारण तेच मामा, तीच जखम घेऊन दुसऱ्या मार्गाने जाऊ शकत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत एकसारखे अणू कोट्यवधी वेळा तपासता येतात. माणूस एकदाच असतो. म्हणून तर हजारो अनोळखी माणसांना एकत्र मोजावे लागते.

आणि असे मोजण्याचे काम भारतात होत आहे, ही गोष्ट आपल्या विज्ञानवार्तांमध्ये हवी तेवढी पोहोचली नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा जखमेचा संसर्ग हा गरीब देशांचा मोठा प्रश्न आहे. २०१८ साली ६६ देशांतील १२,५३९ रुग्णांच्या अभ्यासात उच्च मानव विकास निर्देशांकाच्या देशांत संसर्गाचे प्रमाण ९.४ टक्के, मध्यम गटात १४ टक्के आणि निम्न गटात २३.२ टक्के आढळले. त्यानंतर भारत, घाना, नायजेरिया, रवांडा, बेनिन, दक्षिण आफ्रिका आणि मेक्सिको या सात देशांतील रुग्णालयांनी मिळून दोन मोठ्या चाचण्या केल्या. दोन्हींचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये आले. लुधियानाचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज हे या जाळ्याचे भारतातील केंद्र आहे.

पहिली चाचणी ‘फाल्कन’, २०२१ ची. ५,७८८ रुग्ण. त्वचा स्वच्छ करण्यासाठी महागडे क्लोरहेक्सिडिन चांगले की नेहमीचे पोव्हिडोन आयोडिन, आणि जंतुनाशकाचा लेप दिलेला धागा चांगला की साधा, हे त्यात तपासले. दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘फरक आढळला नाही’ अशी आली. एकूण संसर्ग सुमारे २२ टक्के होता. दुसरी चाचणी ‘चीता’, २०२२ ची. ८१ रुग्णालये, १३,३०१ रुग्ण. पोट बंद करण्याआधी सर्वांनी हातमोजे बदलायचे आणि निर्जंतुक केलेली नवी उपकरणे घ्यायची, एवढाच तिचा विषय. संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे सुमारे तिघांची जखम पिकायची वाचली, तीही हातमोज्यांची जोडी आणि उपकरणांचा दुसरा संच एवढ्यावर. बंद जखमेवर निर्वात दाबाची यंत्रपट्टी लावण्याचा महाग उपाय ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील ‘सनराइज’ चाचणीत तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी तपासला गेला. त्याने संसर्ग कमी झाला नाही.

रोजंदारीवर जगणाऱ्या घरात पिकलेली जखम म्हणजे आणखी काही आठवडे बुडालेली मजुरी, रोजची पट्टी आणि बरोबर येणाऱ्या माणसाचाही बुडालेला दिवस. म्हणून ‘फरक आढळला नाही’ हे उत्तरही मोलाचे आहे. त्यामुळे महाग धाग्यावरचा पैसा हातमोज्यांकडे वळवता येतो.

उशिराच्या टाक्यांबद्दल माझे मत, एका बाहेरच्या व्यक्तीचे मत म्हणून, असे आहे. चाचण्यांत आपण दोन दिनांकांची तुलना करतो : शून्यावा दिवस आणि चौथा किंवा पाचवा दिवस. परंतु जखमेचे वय आणि जखमेची तयारी या एकच गोष्टी नव्हेत. मधुमेह असलेल्या, तीस तास उशिरा आलेल्या, पोटात विष्ठा पसरलेल्या रुग्णाचा पाचवा दिवस आणि सहा तासांत आलेल्या तरुणाचा पाचवा दिवस एकसारखा कसा असेल? कॅरल निदान सूक्ष्मदर्शकात पाहून ठरवत होता. आजही बहुतेक वॉर्डांत हा निर्णय सर्जनच्या डोळ्यांवर आणि नाकावर सोपवलेला असतो, आणि अनुभवी सर्जनचे हे दोन्ही अवयव चांगले काम करतात. तरीही जखमेतला प्राणवायू किंवा जंतूंचे प्रमाण खाटेजवळ, स्वस्तात आणि काही मिनिटांत मोजता आले, तर चाचणीचा प्रश्नच बदलेल. मग ‘कितव्या दिवशी’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या मापावर’ असे विचारता येईल. हे वाचणाऱ्यांत भौतिकशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतील, तर त्यांच्यासाठी हा प्रश्न खुला आहे आणि आपल्या देशात त्याची गरज आहे.

तोपर्यंत, घरातल्या कोणावर अशी वेळ आली आणि जखम उघडी ठेवल्याचे कळले, तर घाबरून रुग्ण हलवण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. आतला मजबूत थर शिवला आहे का? त्वचा उघडी ठेवण्याचे या रुग्णाच्या बाबतीत कारण काय? जखम पुन्हा कधी पाहणार आणि शिवायची की नाही हे कशावरून ठरवणार? घरी गेल्यावर पट्टी कोण आणि किती वेळा करणार? टाके लगेच घातलेले असोत वा उशिरा, ताप, वाढता लालसरपणा, दुर्गंधी किंवा वाढती वेदना दिसली तर लगेच दाखवावे. जखमेतून अचानक गुलाबी, पाण्यासारखा द्रव भरपूर येऊ लागला, तर आतला थर सुटत असल्याची ती खूण असू शकते. तेव्हा एक तासही थांबू नये.

आणि डॉक्टर मित्रमैत्रिणींना एक विनंती. केसपेपरच्या मागे दोन रेषा काढायला अर्धे मिनिट लागते. शक्य असेल तर त्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच, नातेवाईक रुग्णवाहिकेची चौकशी करू लागण्याआधी काढाव्यात.